भूकंपाचं सरकारी धोरण आणि आपल्या मोहल्ल्यातलं घर

लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हे गाव १९९३ साली देशाच्या भूकंप नकाशात ‘झोन १’मध्ये होतं. झोन १ म्हणजे सगळ्यात कमी धोका. दख्खनचं पठार जुनं, कठीण खडकाचं आणि स्थिर आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असं बहुतेकांनी धरूनच ठेवलं होतं. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ पासून, गावकऱ्यांना जमिनीतून हादरे जाणवत होते, तरीही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, लोक दमून झोपले होते. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण ते आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत. जगात दर वर्षी या तीव्रतेचे अनेक भूकंप होतात आणि पुष्कळदा एकही माणूस दगावत नाही. मग इथे एवढी माणसं का गेली?

उत्तर घरांच्या भिंतींमध्ये होतं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर मातीचे थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर थंड राहतं, म्हणून ही पद्धत टिकली. पण भिंत दिसायला जाड असली तरी आत ती दोन वेगळ्या पडद्यांची असते. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते. मग वरची कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर येते. त्याच गावांत कुडाच्या झोपडीत राहणारी गरीब माणसं वाचली. जिथे माळवदाचं वजन भिंतीवर न टाकता लाकडी खांबांवर घेतलेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या आणि छत तसंच उभं राहिलं.

हे सगळं पुन्हा सांगायचं कारण असं की भूकंपाबद्दलचं आपल्या देशाचं धोरण समजून घ्यायचं तर सुरुवात घरापासून करावी लागते. मदतकार्य, तंबू, नुकसानभरपाई हे नंतरचं. धोरणाचा गाभा एकच आहे: घर कसं बांधायचं आणि ते तसं बांधलं जातंय की नाही हे कोण बघणार.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

भारतीय मानक ब्युरो (आपण ज्याला आयएसआय मार्कावरून ओळखतो ते खातं) देशाचा भूकंप नकाशा काढतं. आयएस १८९३ हे त्या मानकाचं नाव. पहिल्यांदा ते १९६२ साली आलं. किल्लारी आणि भूज या दोन धक्क्यांनंतर २००२ साली नकाशा सुधारला गेला, तेव्हा झोन १ काढूनच टाकला. म्हणजे ‘इथे धोका नाहीच’ असा भाग देशात उरला नाही. झोन २ ते ५ अशी मांडणी झाली. किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. मुंबई आणि पुणेही झोन ३ मध्ये. कोयना परिसर झोन ४ मध्ये, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप होऊन पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली होती. देशाची सुमारे ५९ टक्के जमीन मध्यम ते तीव्र भूकंपाच्या पट्ट्यात येते, असं सरकारी कागदपत्रं सांगतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झोन म्हणजे भाकीत नव्हे. ‘झोन ३ मध्ये अमुक साली भूकंप होणार’ असं तो नकाशा सांगत नाही. या भागात इमारत उभी करताना तिने साधारण किती जोराचा हादरा सहन करावा याचा हिशेब इंजिनिअरला करता यावा, एवढ्यासाठी तो आहे. आणि तो माणसांनीच, त्या वेळी हातात असलेल्या माहितीवरून काढलेला आहे. नवी माहिती आली की तो बदलतो. किल्लारीचं तेच झालं, फक्त ती नवी माहिती फार मोठी किंमत देऊन मिळाली.

नकाशा चुकला तर काय होतं ते किल्लारीने दाखवलं. नकाशा बरोबर असूनही काय होतं ते अहमदाबादने दाखवलं. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. गुजरातमध्ये १३ हजारांहून जास्त माणसं गेली. कच्छ आधीपासूनच सर्वात धोक्याच्या झोनमध्ये होतं. अहमदाबाद मात्र केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब. तिथे जुन्या शहरातली लाकूड-विटांची घरं बरीचशी टिकली आणि नव्या वस्त्यांतल्या काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती बसल्या. त्यांत शेकडो माणसं गेली. यातल्या पुष्कळ इमारतींना तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या. गाड्या लावायला नुसते कॉलम उभे, वर चार-पाच मजले. वरचा भाग पेटीसारखा घट्ट आणि खालचे पाय लुळे. हादऱ्यात सगळा जोर त्या तळमजल्याच्या कॉलमांवर आला आणि ते मोडले.

अहमदाबाद झोन ३ मध्ये होतं. मानकं छापून तयार होती. इंजिनिअर होते, नगरपालिकेचा शिक्काही होता. मुंबई-पुण्याचा झोन तोच आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

कायदा आला, पण कुठपर्यंत पोहोचला?

आपत्तीचा विषय २००२ पर्यंत केंद्रात कृषी मंत्रालयाकडे होता. आपत्ती म्हणजे दुष्काळ, हीच समजूत. भूजनंतर तो गृह मंत्रालयाकडे आला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर वर्षभरात, म्हणजे २००५ साली, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरण आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, अशी साखळी तयार झाली. एनडीआरएफ उभं राहिलं. त्यांची एक बटालियन आपल्याकडे पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा ‘ऑपरेशन दोस्त’मध्ये भारताने एनडीआरएफची पथकं पाठवली, लष्कराने तिथे दवाखाना उभा केला. हे काम खरोखर चांगलं झालं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

राष्ट्रीय प्राधिकरणाने २००७ साली भूकंपासाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सहा गोष्टींवर भर आहे. नवी बांधकामं भूकंपात टिकणारी हवीत. दवाखाने, शाळा अशा महत्त्वाच्या जुन्या इमारती निवडून मजबूत कराव्यात. नियमांची अंमलबजावणी व्हावी. लोकांना जाग आणावी. इंजिनिअर आणि मिस्त्री यांना शिकवावं. आणि सहावं, मदतकार्य. क्रम नीट बघा. मदतकार्य सगळ्यात शेवटी आहे. प्रत्यक्षात आपली सगळ्यात जास्त प्रगती या सहाव्या कामात झाली आहे आणि सगळ्यात कमी तिसऱ्यात, म्हणजे अंमलबजावणीत. माझं हे मत कुणाला कडक वाटेल, पण आपल्या गल्लीत एक चक्कर मारली तरी ते पटेल.

कारण बघा, मानक ब्युरोचं मानक हा स्वतःहून कायदा नसतो. ते राज्याच्या बांधकाम नियमावलीत येतं तेव्हा बंधनकारक होतं. नियमावली नगरपालिका किंवा महापालिका राबवते. तिथे नकाशा मंजूर होतो, इंजिनिअरची सही होते. नंतर साइटवर सळई बांधणारा मिस्त्री काय करतो ते बघायला सहसा कुणी येत नाही. दिल्लीत सुरू झालेली साखळी आपल्या घराच्या कॉलमपाशी येऊन मिस्त्रीच्या सवयीवर टिकते.

आणि आपल्या पुष्कळ वस्त्या तर त्या खिडकीपर्यंत गेलेल्याच नाहीत. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात शहरांच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट बॉण्ड पेपरवर विकत घेऊन लोकांनी घरं बांधली. शहरात भाड्याने घर मिळायची अडचण आणि खिसा रिकामा, दुसरा रस्ता नव्हता. अशा घरांसाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घ्यायची सोय झाली. हे चांगलंच झालं. डोक्यावरची तलवार गेली, कर्ज मिळायची वाट उघडली. पण लोक यातून एक भलताच अर्थ काढतात. घर ‘लीगल’ झालं म्हणजे घर पक्कं झालं, असं नाही. गुंठेवारीत जागा, मालकी, रस्ता, शुल्क बघितलं जातं. आतल्या सळईला कुणी हात लावत नाही.

तुर्कस्तानात हेच घडलं होतं. १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतर तिथे बांधकामाचे नियम कडक झाले. पण २०१८ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, बेकायदा बांधकामांना शुल्क घेऊन माफी देण्याची योजना आली आणि लाखो लोकांनी तिचा फायदा घेतला. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ चा आणि त्याच दुपारी ७.५ चा भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांहून जास्त माणसं गेली. भूकंपच फार मोठा होता, हे खरं. पण माफीच्या कागदाने एकाही भिंतीत ताकद आली नव्हती, हेही तितकंच खरं, आणि तिथल्या इंजिनिअरांच्या संघटना ते आधीपासून ओरडून सांगत होत्या.

मिस्त्रीला काय विचारायचं

आपल्याकडे घर एकदम बांधलं जात नाही, ते वाढतं. अब्बांनी खाली दोन खोल्या बांधल्या. मोठ्या मुलाचं लग्न झालं, वर एक मजला. धाकट्याचं ठरलं, आणखी एक. तळमजल्यावर दुकानं काढली, म्हणजे पुढची भिंत गेली आणि शटर आलं. गल्लीच्या बाजूने छज्जा दोन-तीन फूट पुढे काढला, कारण वर खोली मोठी मिळते. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, हे मुलांना वर्गात सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. घरी जाऊन गच्चीवरच्या टाक्या मोजून येतात.

पाया एका मजल्याच्या हिशेबाने घातला आणि उभे राहिले तीन. शिवाय तळमजला दुकानांमुळे मोकळा. अहमदाबादच्या पार्किंगची ही मोहल्ल्यातली आवृत्ती आहे.

वर मजला चढवायचा विचार असेल तर आधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. घराचा नकाशा काढून देणारा आर्किटेक्ट वेगळा, कंत्राटदार वेगळा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. त्याची फी ऐकून लोक मागे हटतात आणि तेवढेच पैसे पीओपीच्या छताला आनंदाने देतात.

नवीन बांधकामात कॉलमच्या रुंदीबद्दल विचारा. भिंतीत कॉलम लपावा, खोलीत कोपरा दिसू नये म्हणून आपल्याकडे नऊ इंची कॉलमची फॅशन आहे. भूकंपासाठी काँक्रीट कसं बांधावं याचं मानक आयएस १३९२०, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच सांगितली आहे. कोपरा तीन इंच बाहेर आला तर येऊ द्या, तिथे कपाट बसतं.

मग रिंगा. उभ्या सळयांना बांधून ठेवणारी जी आडवी चौकोनी कडी असते ती. मिस्त्री तिची टोकं काटकोनात वाकवून मोकळा होतो, कारण ते पटकन होतं. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट गळून पडलं की अशी कडी उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोकं १३५ अंशात, म्हणजे आत कॉलमच्या पोटाकडे वळलेली हवीत, मग ती सुटत नाहीत. आणि कॉलमच्या खालच्या-वरच्या टोकांना रिंगा जवळजवळ, साधारण चार इंचांवर हव्यात, कारण जोर तिथेच येतो. सळई बांधून झाली की माल ओतायच्या आधी स्वतः जाऊन बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा माल ओतला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

माल पातळ करू देऊ नका. पाणी जास्त घातलं की काँक्रीट सहज पसरतं, मजुराचा त्रास वाचतो आणि ताकद जाते. कोकणात समुद्राची खारी वाळू वापरली जाते, तिच्यातल्या मिठाने आतली सळई गंजते. स्लॅब पडल्यावर निदान आठ-दहा दिवस पाणी मारायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

ज्यांचं घर कॉलमचं नाही, विटांच्या भिंतींवर उभं आहे, त्यांच्यासाठी एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. दार-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीला, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा. आपल्याकडे लिंटेल फक्त दारावर आणि खिडकीवर तुकड्या-तुकड्याने टाकतात. तोच पट्टा सलग फिरवला की चारही भिंती पेटीला पट्टी आवळल्यासारख्या एकत्र राहतात. एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च थोडा आहे.

गावाकडच्या दगडमातीच्या घराचं काय? ते पाडायलाच पाहिजे असं नाही. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठं काम कमी लोकांना माहीत आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने जो पुनर्वसन प्रकल्प राबवला, त्यात जवळपास दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. माळवदावरची जास्तीची माती उतरवणं. भिंतीत आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरणं, म्हणजे भिंतीचे दोन पडदे एकमेकांना शिवले जातात. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरक्या पट्ट्या ठोकणं. हे काम गावचा सुतार आणि गवंडी करू शकतो. आजही गावी वडिलांचं माळवद असेल तर पुढच्या उन्हाळ्यात निदान वरची माती कमी करून घ्या.

दोन शनिवार

८ ऑक्टोबर २००५ चा दिवस शनिवार होता. रमजानचे पहिले रोजे सुरू होते. सकाळी काश्मीरमध्ये ७.६ तीव्रतेचा जलजला आला. मुजफ्फराबाद, बालाकोट भागात शाळा भरलेल्या होत्या. सरकारी शाळांच्या इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या आणि हजारो मुलं वर्गातच गेली. आपल्या बाजूला उरी, तंगधार भागात हजाराहून जास्त माणसं गेली.

२५ एप्रिल २०१५ लाही शनिवारच होता. नेपाळमध्ये दुपारी बाराच्या सुमारास ७.८ चा भूकंप झाला. तिथेही हजारो वर्गखोल्या पडल्या. पण नेपाळमध्ये शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते. वर्ग रिकामे होते.

एका देशात शनिवारी शाळा होती, दुसऱ्यात नव्हती, एवढाच फरक. गुजरातमध्ये तर प्रजासत्ताक दिन होता. अंजार गावात झेंडा घेऊन अरुंद गल्लीतून निघालेल्या शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर दोन्ही बाजूंची घरं कोसळली आणि दीडशेहून जास्त मुलं आपल्या शिक्षकांसह गेली. मी दर २६ जानेवारीला मुलांची प्रभातफेरी काढते तेव्हा गल्लीऐवजी मोठा रस्ता धरायचा आग्रह करते. सहकारी हसतात. हसू देत.

राष्ट्रीय प्राधिकरणाचं २०१६ चं शाळा सुरक्षा धोरण सगळ्या शाळांना लागू आहे, सरकारी असो की खासगी, मराठी असो की उर्दू. शाळेचा स्वतःचा आपत्ती आराखडा हवा, मॉक ड्रिल हवी, इमारतीची तपासणी हवी. पालक सभेत आपण गणवेश, फी, शालेय पोषण आहार यावर बोलतो. एकदा विचारा: शेवटची मॉक ड्रिल कधी झाली? जिन्याच्या दाराला शाळेच्या वेळेत कुलूप असतं का? वर्गातलं लोखंडी कपाट भिंतीला अडकवलंय का? शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे. मकतब आणि मदरशातही मुलं बसतात, पुष्कळदा वरच्या मजल्यावर आणि एकाच अरुंद जिन्याच्या भरवशावर. तिथेही हेच प्रश्न.

मशिदीबद्दलही बोललं पाहिजे. जुम्याला शेकडो माणसं एका छताखाली असतात. नमाजी वाढले म्हणून वर मजला चढवला, त्यावर वजूची टाकी, मिनार पूर्वीचाच. बाहेर पडायला एक दार आणि त्याच दारात चपलांचा ढीग. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुती तपासून दाखला घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ट्रस्टच्या इमारती त्यातून सुटत नाहीत. चंदा गोळा होतो तेव्हा संगमरवर आणि झुंबराच्या आधी या तपासणीचा खर्च काढावा, अशी माझी जमातीच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे. चपलांसाठी बाजूला एक रॅक लावायला तर फारसा खर्चही नाही.

हादरा बसतो तेव्हा

मार्च २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले. नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात तर नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. अशा वेळी व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री मोठा येणार, अमुक संस्थेने सांगितलंय’ असे निरोप फिरतात. भूकंपाची वेळ आणि तारीख आधी सांगणारं शास्त्र आज जगात कुठेच नाही. मोबाइलवर येणारे काही इशारे असतात, पण ते भूकंप सुरू झाल्यावर त्याच्या जोरदार लाटा आपल्यापर्यंत पोहोचायच्या आधी काही सेकंद मिळवून देतात. उद्याची खबर ते देत नाहीत. आणि ४.५ म्हणजे किल्लारीच्या जवळ आलं, असंही समजू नका. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीत हिंगोलीच्या शेकडो पट ऊर्जा होती.

मुलांना विचारलं, जमीन हलली तर काय कराल? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘पळणार!’ काँक्रीटच्या इमारतीत, विशेषतः वरच्या मजल्यावर, हेच सगळ्यात धोक्याचं. जिन्यात चेंगराचेंगरी होते, बाहेर पडताना वरून पॅराफीटच्या विटा, काचा, कुंड्या डोक्यात पडतात. शिकवायचं ते असं: खाली वाका, मजबूत टेबलाखाली किंवा बाकाखाली जा, त्याचा पाय घट्ट धरा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत बसून डोकं आणि मान हातांनी झाका. हलणं थांबलं की मग शांतपणे जिन्याने बाहेर, लिफ्टने नाही. दगडमातीच्या जुन्या घरात मात्र तुम्ही दाराशीच असाल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर दोन पावलांत बाहेर पडणं बरं. चौकटीत उभं राहायच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका.

घरात अर्ध्या दिवसात होणारं काम म्हणजे कपाटं भिंतीला लोखंडी पट्टीने अडकवणं, पलंगावरच्या माळ्यावरचे पितळी हंडे आणि पेट्या खाली आणणं, आणि घरातल्या प्रत्येकाला, दादींपासून लहान्यापर्यंत, गॅसचा रेग्युलेटर बंद करायला शिकवणं. भूकंपानंतर आगी लागतात त्या पुष्कळदा गॅस आणि विजेमुळे. कागदपत्रांची एक पिशवी दाराजवळ असू द्या, त्यात रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी. मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि राज्याच्या कक्षासाठी १०७०. हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवा.

आता २०२५ साली आपत्ती कायद्यात दुरुस्ती झाली आहे. राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद त्यात आहे आणि त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतील. म्हणजे इमारतीला परवानगी देणारं कार्यालय आणि आपत्तीची जबाबदारी घेणारं कार्यालय पहिल्यांदाच एका छताखाली येऊ शकतं. आपल्या शहरात हे प्राधिकरण नेमलं गेलं का, हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्यासारखा आहे. मत मागायला येतील तेव्हा रस्ता आणि गटारासोबत हाही विचारा.

तोपर्यंत जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तरी वाचता येतो. कायद्याने तो प्रत्येक जिल्ह्याचा असायलाच हवा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा, नाही सापडला तर जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात आपल्या भागासाठी निवाऱ्याची कोणती ठिकाणं दिली आहेत ती शोधा. बहुतेक वेळा ती एखादी शाळा किंवा समाजमंदिर असतं. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन ती जागा बघून या: वाट किती अरुंद आहे, पुढे मोकळी जागा आहे का, आणि ती इमारत स्वतः किती वर्षांची आहे.